झडी उघडल्यावर

विदर्भात कोणाला ‘मी लॉनचं काम करतो’ असं सांगितलं, तर समोरचा आधी विचारतो, ‘कोणत्या लॉनवर? लग्न कोणाचं हाये?’ गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून दोन-तीन एकरांना कुंपण, पुढे कमान, आत स्टेज, मागे स्वयंपाकाचं शेड आणि मधोमध हिरवळ, याला इकडे लॉन म्हणतात. घरापुढची हिरवळ कापायला पैसे देऊन माणूस बोलावणारी घरं तालुक्याच्या गावात बोटांवर मोजण्याइतकी. ‘लॉन केअर’ असा फ्लेक्स छापून त्या घरांची वाट बघणाऱ्या मुलांची गवत कापायची यंत्रं दुसरा पावसाळा लागायच्या आत विकायला निघतात. याचं फार वाईट वाटतं, कारण काम नव्हतं असं नसतं. ते ज्या दारांवर उभे राहिले, ती दारंच चुकीची होती. गवत कापायचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्याने पहिली गिऱ्हाइकं कोणत्या दारांवर शोधावीत, ते इथे सांगतो.

गवत तर चिक्कार आहे. जूनच्या मध्यावर पाऊस लागतो, तीन आठवड्यांत तरोटा, म्हणजे टाकळा, घोट्याला येतो, जुलैची झडी उघडेपर्यंत गुडघ्याला आणि पोळ्यापर्यंत कमरेला. पण पहिल्याच ठिकाणी उत्तर ठरलेलं: ‘गवत तं ढोरं खाते, त्याले पैसे कायले द्याचे?’ प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नये. घराघरात ढोरं होती, सकाळी गायकी ती घेऊन जायचा, तेव्हा गावठाणात गवत उरतच नव्हतं. आता ढोरं कमी झाली आणि जे माजतं ते ढोरं खातही नाहीत. तरोट्याला ती तोंड लावत नाहीत. कोवळा असताना पूर्वेकडे भंडारा-गोंदियात माणसंच त्याची भाजी करतात. गाजरगवत, बेशरम, रायमुनिया यांचीही तीच गत. म्हणून ‘गवत कापून देतो’ हे वाक्य इथे अपुरं पडतं. हे गवत इथे कोणाला खुपतं आणि का खुपतं, हा प्रश्न प्रत्येक जागेपाशी उभं राहून विचारायला हवा. उत्तर बहुतेक वेळा चारांपैकी एक निघतं: साप, शेजारी, झेंडावंदन किंवा आग.

शेजाऱ्यापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावाभोवती आता ले-आऊट पडले आहेत. तीस बाय पन्नासचे, म्हणजे १५०० चौरस फुटांचे प्लॉट. दहा प्लॉटांत तीन घरं उभी, बाकी रिकामे. रिकाम्या प्लॉटचे मालक नागपूर-पुण्याला नोकरीत, वर्षातून एकदा दिवाळीला येणारे. त्यांना गवत दिसतच नाही. दिसतं ते शेजारच्या घरातल्या माणसाला, ज्याच्या खिडकीखाली कमरेइतका तरोटा उभा आहे आणि अंगणात पोरं खेळतात. मालकाचा फोन नंबरही बहुतेक त्याच्याचकडे असतो.

तेव्हा झडी उघडली की दोन दिवस जमीन वाफसायला द्यायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन एकच ले-आऊट पायी फिरायचा. यंत्र सोबत न्यायचं नाही. प्लॉटची जागा, अंदाजे आकार, गवत कोणतं, आत दगड-विटा-तार काय पडलं आहे, शेजारी कोण, एवढं लिहायचं. मग शेजाऱ्याच्या दारात जाऊन सरळ म्हणायचं, ‘काकाजी, बाजूचा प्लॉट साफ करायचा म्हटलं तर मालकाशी बोलाल का? फोटो मी पाठवतो.’ नंबर मिळाला नाही, तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर मिळतो. तिथेही नाही मिळाला, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे कर आकारणीच्या, नोंदवहीत निदान नाव तरी कळतं.

मालकाला पाठवायच्या फोटोत प्लॉटचा कोपरा, विजेचा खांब किंवा शेजारच्या घराची भिंत आलीच पाहिजे, नाहीतर आपलाच प्लॉट आहे हे त्याला ओळखू येत नाही. कापून झाल्यावर त्याच जागेवर उभं राहून, त्याच उंचीवरून दुसरा फोटो. हे दोन फोटो म्हणजे या धंद्याची खरी जाहिरात. मालक ते ले-आऊटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि पुढचे दोन-तीन प्लॉट तिथूनच येतात. मात्र मालकाचा ‘हो’ लिखित आल्याशिवाय कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये. तो व्हॉट्सॲपवरचा एक शब्द असला तरी चालेल. प्लॉटच्या हद्दीचे दगड गवतात दडलेले असतात. एक जरी हलला, तर दोन घरांतलं भांडण तुमच्या नावावर लागतं. आधी चारही कोपरे विळ्याने हाताने मोकळे करावेत, दगडांना चुना लावावा आणि मगच यंत्र सुरू करावं.

भाव सांगायचा तो प्लॉटचा सांगावा, तासाचा नको. तासाचा भाव सांगितला की गिऱ्हाईक खुर्ची टाकून घड्याळ बघत बसतं. आपल्या मनात मात्र तासाचा हिशेब पक्का हवा. तो असा मांडता येतो. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचं गवत कापायचं यंत्र, भरगच्च गवतात तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पितं. ऑइल धरून ९० रुपये झाले. यंत्र १५ हजारांचं आणि ते ५०० तास चालेल असं धरलं, तर झिजेचे ३०. तार, पातं, ग्रीस, प्लग यांचे २०. इथवर १४०. आता दिवसाचे आठ तास म्हणून आठ तास इंजिन चालत नाही. हाताला मुंग्या येतात, ऊन चढतं, पसारा गोळा करायचा असतो. प्रत्यक्ष कापणी चार-पाच तासच होते. सोबत्याची मजुरी ४०० आणि स्वतःची ६०० धरली, तर पाच तासांत वाटून तासाला २०० येतात. म्हणजे ३४० रुपयांच्या खाली एक तास विकला की आपण घरचं घालून काम करतोय. कमरेइतक्या तरोट्याचा १५०० फुटांचा प्लॉट कापून, गोळा करून, कोपऱ्यात ढीग लावेपर्यंत एक तास सहज जातो. जाण्या-येण्याचं पेट्रोल वेगळं. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब कागदावर मांडल्याशिवाय तोंडातून भाव काढू नये. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून निम्म्या भावात केलेलं काम पुढे तीन वर्षं निम्म्याच भावात मागितलं जातं.

फुकट करून दाखवण्याच्याही मी विरोधात आहे. नमुना दाखवायचा असेल, तर फाटकापासून आत दहा फुटांचा एक पट्टा कापावा आणि थांबावं. कापलेलं आणि उभं, दोन्ही शेजारी-शेजारी दिसलं की बोलावं लागत नाही.

सापाच्या भीतीचं गिऱ्हाईक सर्पमित्राकडून येतं. नाग, घोणस, मण्यार घरात निघाला की लोक पहिला फोन त्याला करतात आणि साप पिशवीत घालून निघताना तो घरच्यांना हमखास सांगतो, ‘भिंतीलगतचं गवत काढून घ्या.’ तालुक्यातल्या प्रत्येक सर्पमित्राकडे तुमचा नंबर असला पाहिजे आणि तुमच्याकडे त्याचा. कारण कापताना साप निघणारच आहे, आणि तो मारायचा नाही. अशा घरी कापणी नेहमी भिंतीकडून सुरू करून मोकळ्या बाजूकडे न्यावी. उलट केलं, तर कडेचा साप घाबरून घराकडे सरकतो. आधी लांब काठीने गवत झोडपावं, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत. गमबूट आणि पूर्ण बाह्या आणखी एका कारणासाठी: झुडपी गवतातल्या चिगर किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो आणि २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. काम झालं की कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ लगेच. सोबत्याला ताप आला, तर डॉक्टरला ‘गवतात काम करतो’ हे आवर्जून सांगायला लावा.

झेंडावंदनाचं गणित तारखेवर चालतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. जुलै प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांतच जातो. ऑगस्ट लागला की मुख्याध्यापकांना मैदान दिसू लागतं, तेव्हा आपण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भेटलेलं असावं. तिसांपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान निकषाप्रमाणे वर्षाला १० हजार रुपये, आणि त्यात वीजबिलापासून खडूपर्यंत सगळं. अशा शाळेला पूर्ण आवाराचा भाव सांगितला तर ‘बघू’ म्हणतात. फाटक ते ध्वजस्तंभ, परिपाठाची जागा, स्वच्छतागृहाची वाट आणि वर्गांच्या खिडक्यांमागचा पाच फुटांचा पट्टा, एवढ्याचाच भाव द्यावा. ज्या पट्ट्यात खरा धोका आहे, तो मोकळा होतो आणि सरांना परवडतंही. मुलांच्या हाती विळे देऊन गवत काढून घेण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हे चांगलंच झालं.

ग्रामपंचायतीत तोंडी बोलून काही होत नाही. अर्ज आणि दरपत्रक मासिक सभेच्या आधी जायला हवं: १५ ऑगस्टसाठी जुलैच्या सभेत, पोळ्यासाठी त्याच्या आधीच्या. पोळा भरतो ती जागा, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन जमतात ते मैदान, पाण्याची टाकी, अंगणवाडी, स्मशानभूमी, प्राथमिक आरोग्य केंद्राचं आवार, या जागा नावानिशी आणि चौरस फुटांसह अर्जात लिहाव्यात. बिलबुक, पॅन आणि बँक खातं तयार असावं. छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, तिला एजंट लागत नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. ‘जीएसटी नंबर नाही म्हणून बिल चालत नाही’ असं कोणी म्हटलं, तर हे शांतपणे सांगावं. पैसे मात्र उशिरा येतात. पहिली चार कामं शाळा-पंचायतीचीच घेतली, तर काम भरपूर आणि पेट्रोलला पैसे नाहीत अशी स्थिती होते. एका सरकारी कामाला तीन रोखीची कामं, एवढं प्रमाण पहिल्या महिन्यात तरी सोडू नये.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं, तरी ते टिकणं यंत्रावर अवलंबून आहे, म्हणून यंत्राबद्दल थोडं सविस्तर. टू-स्ट्रोकला लिटरला ४० मिली टू-टी ऑइल म्हणजे १:२५. कंपनीने १:५० सांगितलं असेल, तर त्याच प्रतीचं ऑइल घालून २० मिली. अंदाजाने ओतलं की कमी पडल्यास पिस्टन धरतो, जास्त झाल्यास प्लगवर काजळी बसते. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पावसाळी हवेतलं पाणी धरतं, म्हणून मिश्रण आठवड्याला पुरेल एवढंच करावं. तरोटा आणि जाड काडीला तीन दातांचं पातं, झुडपाला ८० कार्बाइड दातांचं, आणि भिंत-फरशीलगत नायलॉनची तार. तीन दातांचं पातं कानसीने घरी लावता येतं. कार्बाइडच्या दातांना साधी कानस चालत नाही. पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कापणीचा हात उजवीकडून डावीकडे. कापलेलं डावीकडे ओळीत पडतं. ते वैरण म्हणून हवं असेल, तर पातंच लावावं. तारेने गवताचा भुगा होतो, त्यात माती मिसळते आणि ढोरं ते हुंगून सोडून देतात.

पंधरा मीटरच्या आत माणूस, ढोर, गाडी काही नको. हा नियम पाळायला सोबती लागतो आणि त्याचं मुख्य काम हेच. गिट्टीचा एक खडा कारची काच फोडतो आणि महिन्याची कमाई तिथेच जाते. त्याहून वाईट बांधकामाची बाइंडिंग तार: पात्याला लागली की गोळीसारखी सुटते. जुन्या साडीच्या चिंध्या आणि पन्नी गिअरच्या मानेत गुंडाळल्या जातात. दर टाकीला इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून त्या सोडवाव्यात, आणि वीस-पंचवीस तासांनी गिअरमध्ये ग्रीस भरावं. ओल्या काळ्या मातीत कापायला जाऊच नये; बुटाला चार किलो चिखल, गार्डमध्ये गोळा, आणि कापणी वर-खाली.

‘फवारून टाका ना भाऊ, दोनशे रुपयांत होते,’ हेही ऐकावं लागतं. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त कीड नियंत्रणाच्या परवानाधारकांकडूनच वापरलं जावं, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते इथला माणूस विसरलेला नाही. नाही म्हणावं आणि कारण सांगावं. गाजरगवताबद्दलही खरं तेच बोलावं: यंत्राने वरून कापलं की ते बुडख्यातून पुन्हा फुटतं. ओल्या जमिनीतून फुलायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटणं हाच उपाय, आणि त्याची मजुरी वेगळी लागते. त्यावर गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे दाट दिसले, तर काही दिवस हातच लावू नये, ते आपलं काम करत असतात.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे राहत असाल, तर संत्र्याच्या बागा हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे आणि सगळ्यात नाजूकही. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहाराची फळगळ होते. गळलेली फळं वेचून बागेबाहेर काढायची, तर खालचं गवत कमी हवं. पावसात ट्रॅक्टर घातला तर माती दबते आणि मुळं तुटतात, म्हणून कास्तकाराला कापणीच हवी असते. पण झाडाच्या बुंध्याला पातं तर सोडाच, नायलॉनची तारही लागता कामा नये. साल सोलली गेली की तिथून बुरशी शिरते आणि झाड डिंक्याने जातं. बुंध्याभोवती दोन फुटांचं आळं विळ्यासाठी सोडावं, ड्रिपच्या नळ्या आधी उचलून ओळीत घ्याव्यात, फांद्यांना दिलेले बांबूचे टेकू मोजून घ्यावेत. हे तीन मुद्दे पहिल्याच भेटीत तुम्ही आपणहून काढले, तर बागायतदार भावावर फार ताणत नाही. गवत कापणारे त्याला खूप भेटतात, झाड ओळखणारा क्वचित.

आगीचं काम दसऱ्याच्या सुमारास निघतं. जिनिंगमध्ये कापूस यायच्या आत आवारातलं वाळकं गवत काढावंच लागतं. गोदामं, पेट्रोलपंप, सौर पॅनलच्या ओळी, सगळ्यांचं तेच. इथे सकाळचं दव असतानाच कापावं. दुपारच्या वाळल्या गवतात पात्याची दगडाला लागून उडालेली ठिणगी किंवा खाली टेकवलेला तापला सायलेन्सर पुरेसा असतो. पाण्याचे दोन ड्रम भरून जवळ ठेवा आणि इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरू नका. पंपाच्या यंत्रांपाशी तर विळाच. ताडोब्याच्या गाभा क्षेत्राची फाटकं १ ऑक्टोबरला उघडतात, तेव्हा मोहर्ली-कोलाराकडच्या रिसॉर्टांना सप्टेंबरच्या मध्यावर भेटायला हवं. शेताची मोजणी लागलेल्या कास्तकारालाही धुरे मोकळे हवे असतात, नाहीतर हद्द दिसत नाही.

आणि शेवटी खरं लॉन, लग्नाचं. मालकाकडे डिसेंबरात जाऊ नये, त्याला मान वर करायला वेळ नसतो. जूनचा शेवटचा मुहूर्त झाला की जावं, जेव्हा स्टेजपुढे आणि जेवणाच्या काउंटरखाली टक्कल पडलेलं त्याला स्वतःलाच बघवत नाही. गरम रस्सा, तेल, दोन-दोन दिवस अंथरलेले गालिचे, हजार माणसांचे पाय आणि वर ४५ अंशांचं ऊन, यात हरळीसुद्धा हार मानते. चातुर्मासात लग्नं नसतात आणि नेमका तोच गवत वाढायचा काळ. दबलेल्या जमिनीला काट्याने तीन-चार इंच खोल भोकं पाडावीत, वाळू आणि चाळलेलं शेणखत पसरावं, टकलांवर हरळीच्या मुळ्या सहा-सहा इंचांवर लावाव्यात. पाऊस नीट झाला तर दोन महिन्यांत जमीन झाकते. युरिया गुंठ्याला एक किलोच्या वर नको आणि टाकल्यावर लगेच पाणी. उंची दीड इंच राखावी, एका वेळी पातीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये. लग्नाच्या आदल्या दिवशी कापलं, तर टोकं पिवळी दिसतात आणि कातरण पाहुण्यांच्या कपड्यांना चिकटतं. दोन-तीन दिवस आधी कापावं. करार जुलै ते जून असा वर्षाचा आणि पैसे महिन्याला घ्यावेत. बारा महिने पैसे देणारं या धंद्यातलं हे जवळपास एकच गिऱ्हाईक आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तुमच्या फोनमध्ये शंभरएक प्लॉटांचे जोडफोटो असायला हवेत.

फेब्रुवारीत टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून यंत्र कोरड्या जागी टांगावं. वही मात्र हाताशी ठेवावी. तरोटा बी धरण्याआधी, फुलोऱ्यावर असताना कापला, तर पुढच्या वर्षी तो विरळ येतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच नंबरांवर फोन लावायचा आणि या खेपेला दोन कापण्यांचा एकत्र भाव सांगायचा: एक झडी उघडल्यावर, दुसरी सप्टेंबरात.